सोलापूरचं कापड घेऊन पहिल्या फॅशन वीकला जाताना

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलगी, पुण्यात फॅशन डिझाइन शिकून घरी परतलेली. वडिलांचे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग, मामांचं शाळेच्या गणवेशांचं युनिट. मार्चमध्ये मुंबईच्या फॅशन वीकमध्ये नव्या डिझायनरांच्या एकत्र शोमध्ये तिला जागा मिळाली आहे. दहा पेहराव दाखवायचे आहेत आणि हातात साडेतीन महिने आहेत. ती विचारते, ‘अक्का, चादरीच्या कापडाचं कलेक्शन रॅम्पवर चालेल का? पैसे कशावर घालू, कशावर वाचवू? शेवटी रॅम्पवर येणारी शोस्टॉपर म्हणून मोठी नटी आणू का? आणि कुणी डिझाइन उचललं तर काय करू?’ खाली एक ओळ: ‘पप्पा म्हणतात, माग अडवून ठेवू नको.’

नव्या डिझायनरांचे पॅटर्न काढणं, सॅम्पल शिवून घेणं आणि शोच्या दिवशी बॅकस्टेजला उभं राहणं हे माझं काम. म्हणून उत्तरही त्याच बाजूने देते. कल्पना, मूडबोर्ड, प्रेरणा हे सगळं तुला कॉलेजात भरपूर शिकवलं असणार.

चादर चालेल. मात्र बाजारातून चादर आणून, कापून, तिचं जाकीट शिवणार असशील तर नको. तसं करणारे बरेच झाले. शिवाय ते कापड कपड्यासाठी विणलेलंच नसतं. साठ बाय नव्वद इंचांच्या चादरीत नक्षी अंथरुणाच्या मापाची असते, काठ चारही बाजूंनी ठरलेले असतात आणि वजन एवढं की बाही वर उचलली की खांदा सोबत येतो. मधलं फूल मॉडेलच्या नेमकं पोटावर बसतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. चादर कापून शिवलेल्या जाकिटाला एखाद्या दुकानाने तीस नगांची ऑर्डर दिली, तर त्याच रंगाच्या, त्याच लॉटच्या चादरी तू कुठून आणणार? मुंबईतल्या एका मुलीच्या पहिल्या शोमध्ये मी होते. तिने बाजारातला उरलेला एक सुंदर तागा उचलून चार पेहराव केले होते. खरेदीदारांनी नेमके तेच चार मागितले, आणि तो तागा पुन्हा कुठेच मिळाला नाही. तुझ्या घरी माग आहेत. त्या शोमधल्या बाकीच्या मुलांकडे ते नाहीत. तेव्हा सुरुवात स्केचपासून करू नको, मागापासून कर. जे पुन्हा विणता येईल तेवढंच रॅम्पवर न्यायचं, ही एक अट घातलीस की निम्मे निर्णय आपोआप होतात.

आता मागावर काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण साडेतीन महिन्यांतला पहिला सव्वा महिना इथेच जाणार आहे आणि तो जायलाच हवा.

पहिली गोष्ट नक्षीच्या आकाराची. नवीन डिझाइन बांधून पंचिंग, म्हणजे नक्षीप्रमाणे कार्डांना भोकं पाडणं, करून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, पण वडिलांकडे जुन्या कार्डांचे गठ्ठे नक्की असतील. जकार्डमध्ये, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेत, नक्षीची रुंदी दोनच गोष्टींवर ठरते: ती किती हुकांवर (उभे धागे उचलणाऱ्या आकड्यांवर) बांधली आहे आणि इंचाला किती धागे आहेत. समजा एक फूल २४० हुकांवर आहे. इंचाला ४० धागे असतील तर ते ६ इंच रुंद येतं. सूत बारीक घेऊन आणि धाग्यांमधलं अंतर ठरवणारी फणी बदलून इंचाला ६० धागे केले तर तेच फूल, त्याच कार्डावर, ४ इंचांचं होतं. फुलाची उंची मात्र कार्डांची संख्या आणि इंचातले पिक (आडवे धागे) यांवर ठरते. म्हणून पिकही त्याच प्रमाणात वाढवावे लागतात, नाहीतर फूल लांबुळकं दिसतं. हार्नेसची, म्हणजे हुकांना धागे जोडणाऱ्या दोऱ्यांची, दाटी एका मर्यादेपर्यंतच ताण सोसते, त्यापुढे धागे तुटायला लागतात. ती मर्यादा कुठे आहे हे तुझ्या पदवीपेक्षा वडिलांच्या जॉबरला, म्हणजे माग जुळवणाऱ्या माणसाला, जास्त कळतं. त्यालाच विचार, आणि विचारताना चहा पाज. माग इलेक्ट्रॉनिक जकार्डचा असेल तर काम सोपं आहे, पण गणित तेच.

दुसरी गोष्ट वजनाची. आपली चादर दुहेरी विणीची असते, म्हणून तर दोन्ही बाजूंना नक्षी दिसते आणि रंग उलटे होतात. जाकीट, कोट, बंडी यांना ही दुहेरी वीण छान आहे. आतली बाजूही दाखवता येते, अस्तर वाचतं. शर्ट आणि झग्याला मात्र एकेरी वीण घे. तिथे उलट बाजूला मोकळे धागे सुटतात आणि मॉडेलच्या अंगठीत अडकून ओढले जातात. हे मोकळे धागे अर्ध्या इंचापेक्षा लांब राहणार नाहीत असं बांधून घे, नाहीतर मलमलचं पातळ अस्तर लाव.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. ताणा, म्हणजे उभे धागे, एकच ठेव. नवीन ताणा म्हणजे धागे जुळवणं (वॉर्पिंग), खळ, ते गुंडाळायचा रूळ (बीम), सांधणी. आणि बीम भरायचा तर काहीशे मीटरचाच भरावा लागतो, पंधरा मीटरसाठी कुणी भरत नाही. दहा पेहरावांना सॅम्पल आणि चुकभूल धरून पन्नासेक मीटर कापड लागेल. पाच वेगवेगळे ताणे मागितलेस तर पप्पांचं ते वाक्य रोज ऐकशील. त्याऐवजी कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या, २/४० सुताचा (४० नंबरचे दोन धागे पिळलेलं) एकच ताणा चढव आणि फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलत जा. धोट्यातली कांडी बदलली की कापड बदललं. जाड १० नंबरचं सूत बाण्याला घातलंस तर कोटाचं कापड, २/४० घातलंस तर शर्टाचं, कमी पिळाचं मऊ सूत घातलंस तर ओढणीसारखं लोंबणारं. रंगांचंही तेच. कोऱ्या ताण्यावर मजिठी तांबडा, नीळ, काळा असे तीन बाणे घेतलेस तर ताण्याचा कोरा रंग सगळ्यांत मिसळतो आणि दहा पेहराव न सांगता एका घरातले वाटतात. कलेक्शनमध्ये एकसंधपणा हवा असं जे परीक्षक सांगतात, तो असा मागावरच आणता येतो. शोनंतर बीमवर जो ताणा उरेल तो तुझा पहिल्या ऑर्डरचा माल.

टॉवेलच्या मागाकडेही बघ. टेरीचा आखूड कोट किंवा बिनबाह्यांचं जाकीट रॅम्पवर फार छान दिसतं, प्रकाश त्याच्या लूपांत अडकतो. फक्त टेरीची कापलेली कड विस्कटते, म्हणून प्रत्येक शिवण पट्टीत बंद कर. आणि काळ्या कपड्यांशेजारी पांढरी टेरी टांगू नको, तिची लव उडून सगळ्यांना लागते.

कापड मागावरून उतरलं की लगेच कापायचं नाही. आधी खळ धुवून काढ. सुती कापड पहिल्या धुण्यात सहज पाच ते आठ टक्के आटतं, आणि जाड बाण्याचं व बारीक बाण्याचं आटणं सारखं नसतं. दोन्ही एकाच पेहरावात जोडणार असशील तर हे आधी मोजून ठेव. एक मीटरचा चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा, परत मोजायचा. रंगाचं घासून बघ, ओल्या पांढऱ्या फडक्याने. रॅम्पच्या दिव्यांखाली मॉडेलला घाम येतो, आणि बगलेत तांबडा सुटलेला कोरा शर्ट दुसऱ्या दिवशी कुठल्याही खरेदीदाराला दाखवता येत नाही.

आता घाट, म्हणजे कपड्याचा आकार. कापडात इतकी नक्षी असताना कापणी साधी ठेव. माझं मत विचारशील तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली बाराबंदी नीट बघ. पांढरी, पुढे एकावर एक येणारे पदर, बंदांनी बांधलेली. यात्रेतली उंच काठी, म्हणजे नंदीध्वज, पेलणाऱ्या माणसाला हात मोकळे लागतात, खांद्यावर भार येतो, म्हणून तो अंगरखा तसा बेतलेला आहे. डिझायनरने शिकावं असं त्यात खूप आहे: बगलेची कळी, पदर किती आत जातो, कोणता बंद आत आणि कोणता बाहेर. तिचा धार्मिक भाग रॅम्पवर नेऊ नको. नंदीध्वजाची प्रतिकृती, अक्षतांचा देखावा, कपाळावर भस्म लावलेल्या मॉडेल, असलं काही नको. ते बघून गावात वाईट वाटेल आणि मुंबईत कुणाला कळणार नाही. घाट तेवढा घे.

बंदांचा व्यवहारातला फायदाही आहे. फॅशन वीकला मॉडेल ऐनवेळी बदलतात, आणि एकत्र शोमध्ये मॉडेल सगळ्यांना सामायिक असल्याने निवड पूर्ण तुझ्या हातात नसते. सॅम्पल साधारण एकाच मापात, उंच आणि सडपातळ अंगासाठी, शिवलेलं असतं. चेन लावलेला घट्ट पेहराव नव्या मुलीला झाला नाही तर तो शोमधून जातो. बंदाचा पेहराव दोन इंच इकडेतिकडे सहज होतो. पुढे दुकानातही तोच एक नग दोन-तीन मापांना चालतो, म्हणजे कमी माल अडकतो. तोटा एकच, बंद बांधायला वेळ लागतो. म्हणून हे पेहराव एकदाच चालणाऱ्या मॉडेलना दे. जिला धावत येऊन दुसरा पेहराव चढवायचा आहे, तिच्या कपड्यात बंदांच्या आत लपवलेली दोन टिचबटणं लाव.

पहिली ट्रायल मांजरपाटावर कर. दोनदा कर. आणि मग मामांच्या युनिटमध्ये जा. सोलापूरचं नाव निघालं की लोक चादर म्हणतात, पण गणवेश शिवणाऱ्या या युनिटांचं कसब फॅशनवाल्यांना अजून कळलेलं नाही. तिथला कारागीर दोनशे कॉलर एकसारख्या बसवतो. मापांची चढउतार त्याच्या बोटांत आहे. दुमडून बंद केलेली दुहेरी शिवण, खिशाच्या कोपऱ्याचा टाका, काज सगळं पक्कं. मुंबईत नवे डिझायनर एका मास्टरजींच्या मागे फिरतात आणि मास्टरजी गावी गेले की ऑर्डर थांबते. तुझं तसं व्हायला नको. फक्त गणवेशाच्या टेबलावर एकदम चाळीस थर कापतात, तसं नक्षीचं कापड कापता येत नाही. डाव्या-उजव्या पुढच्या भागाची नक्षी जुळवून एकेक कापावं लागतं. कापणाऱ्याला हे आधी सांग आणि त्याचे जादा पैसे धर.

कॅलेंडर मात्र सोलापूरचं वापर, मुंबईचं नाही. तुझं सॅम्पलिंग जानेवारीत येतं आणि संक्रांतीच्या सुमारास गड्डा असतो. त्या आठवड्यात कारागीर मिळतील असं धरू नको. फेब्रुवारीपासून गणवेशांचं काम वाढत जातं आणि शाळा उघडेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, मामांकडे एक मशीन मोकळं नसतं. मार्चच्या शोची ऑर्डर एप्रिलमध्ये येणार आणि दुकानदार लवकर माल मागणार. तेव्हा जुलैच्या मध्यापासून डिलिव्हरी असं पहिल्याच बोलण्यात सांग. ज्याला सणांसाठी माल हवा आहे तो थांबतो. कबूल करून उशीर करणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळत नाही. दहा पेहराव शिवून पूर्ण करण्याची तुझी तारीख शोच्या आधी दोन आठवडे ठेव, आणि त्या दोन आठवड्यांत नवीन काही सुचलं तर वहीत लिहून ठेव, पुढच्या वेळी होईल.

पैसे. खर्च कापडावर, पॅटर्नवर आणि फोटोंवर कर. दागिने, भरतकाम, महागडी निमंत्रणं यांवर वाचव. लुकबुकचे, म्हणजे कलेक्शनच्या पुस्तिकेचे, फोटो शोच्या आधी काढायचे, साध्या भिंतीपुढे. भुईकोट किल्ल्यासमोर मॉडेल उभी करायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात किल्ला छान येतो, पण खरेदीदाराला शिवण बघायची असते. प्रत्येक पेहरावाचा समोरून, पाठून आणि कापडाचा जवळून, एवढे तीन फोटो पुरेत.

शोस्टॉपर नटीचं म्हणशील तर नको. दुसऱ्या दिवशी फोटो तिचा छापून येतो आणि बातमीत तुझं नाव तिसऱ्या ओळीत असतं. शिवाय एकत्र शोमध्ये आयोजक बहुधा ते करूही देणार नाहीत.

शोबद्दल एवढंच लक्षात ठेव. तुझा भाग काही मिनिटांचा असतो, आणि त्यातून उरतात ते रॅम्पच्या टोकाला बसलेल्या छायाचित्रकारांनी समोरून काढलेले पूर्ण उंचीचे फोटो. दिवे पांढरे आणि जोरदार असतात, बारीक पोत ते खाऊन टाकतात. दोन इंचांखालची नक्षी दुरून नुसता रंग दिसते. फार बारीक चौकडी व्हिडिओत थरथरते. म्हणून कापड वीस फुटांवरून मोबाइलवर काढून बघ. केस आणि मेकअप सगळ्या डिझायनरांना बहुधा एकच असतो, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नको. त्यापेक्षा फिटिंगच्या वेळी प्रत्येक मॉडेलला चालायला, वळायला आणि हात वर करायला लाव.

बॅकस्टेजला प्रत्येक पेहरावाला एक कार्ड लागतं. त्यावर फोटो, मॉडेलचं नाव, क्रमांक, चपला, दागिने, कोणता बंद आधी बांधायचा. कपडे घालायला मदत करणारी मुलं तुझी नसतात, तुझे कपडे ती पहिल्यांदाच बघत असतात. इस्त्री आपली ने. सोबत कातडीच्या रंगाचे आतले कपडे, दुहेरी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, सुईदोरा, आणि कोऱ्या ताण्याचं थोडं सूत. जकार्डमधला ओढलेला धागा त्याच सुताने लपतो.

चपलांचं आताच बघ. मॉडेलच्या पायाची मापं मोठी असतात, आणि एवढ्या मोठ्या मापाच्या बायकांच्या कोल्हापुरी तयार मिळत नाहीत, सांगून करून घ्याव्या लागतात. गुळगुळीत रॅम्पवर त्या घसरतात, तेव्हा खाली पातळ रबर लाव. उसने बूट आणणार असशील तर तळव्याला मास्किंग टेप लाव, म्हणजे परत करताना ओरखडे नसतात. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, असा हक्क) सोलापूर जिल्हाही आहे, हे आपल्याकडेच अनेकांना माहीत नसतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या ब्रँडने मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नुसत्या ‘चामड्याच्या सँडल’ म्हणून दाखवल्या. इथे ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय परंपरेतून घेतल्याचं मान्य केलं. आपण तेव्हा रागावलो, ते बरोबरच होतं. आता तुझ्या शोच्या पत्रकात ज्याने माग चालवला त्याचं आणि ज्याने चपला शिवल्या त्याचं नाव, त्यांना विचारून, छाप.

प्रवासाला सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. रात्री झोपून सकाळी मुंबईत. कपडे घडी न घालता गुंडाळून ने, जकार्डची घडी इस्त्रीने लवकर जात नाही. आणि दहाचे दहा एकाच बॅगेत नकोत.

आता एक गोष्ट जी घरच्यांना समजावून सांगावी लागेल. पहिल्या शोने फारसं काही होत नाही. आपल्याकडे फॅशन वीक सुरू झाला २०००मध्ये, दिल्लीत. २००६मध्ये दिल्लीचा (फॅशन डिझाइन कौन्सिलचा) आणि मुंबईचा (लॅक्मेचा) असे दोन फॅशन वीक वेगळे झाले, २०२१मध्ये फॅशन डिझाइन कौन्सिल आणि लॅक्मे परत एकत्र आले. त्या २००६मध्येच लॅक्मेच्या जेन नेक्स्ट या नव्या डिझायनरांच्या शोमधून डिझायनर राहुल मिश्रा पहिल्यांदा दिसले, केरळच्या मुंडूचं (लुंगीसारख्या वस्त्राचं) हातमागाचं कापड घेऊन. मिलानमध्ये वूलमार्कचं (लोकरीच्या कपड्यांसाठीचं) आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्यांना २०१४मध्ये मिळालं आणि पॅरिसच्या कुतूर वीकमध्ये, म्हणजे मापावर शिवलेल्या उंची कपड्यांच्या फॅशन वीकमध्ये, ते २०२०मध्ये पोहोचले. मधली वर्षं मोज. आपल्याला जवळचं उदाहरण डिझायनर वैशाली शडांगुळे यांचं. आपण चोळीपलीकडे ज्याचा विचार केला नाही त्या खणावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०२१मध्ये पॅरिसच्या कुतूर वीकमध्ये त्यांचं कलेक्शन गेलं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्या बाजारात साडीच्या दुकानात टांगलेला असतो. दोघांनीही एक कापड धरलं आणि ते सोडलं नाही. पहिल्या शोला चादर, दुसऱ्याला बनारसी, तिसऱ्याला डेनिम असं करणारी मुलं मी पुष्कळ बघितली. आता त्यांतली बरीच दुसऱ्यांच्या ब्रँडमध्ये नोकरीला आहेत. त्यातही वाईट काही नाही म्हणा, पगार वेळेवर होतो.

शोनंतर खरेदीदार भेटतील. हातात लाइन शीट हवी: नगाचा फोटो, क्रमांक, कापड, मापं, घाऊक भाव, डिलिव्हरीची तारीख, कमीत कमी नग. भाव काढताना फसू नको. समजा एका जाकिटाला तुला खरा खर्च १,८०० रुपये आला आणि दुकानात किंमत ५,००० लावली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग कपड्याला १८. म्हणजे ५,०००मधून कर वजा जाता ४,२३७ उरले. दुकानाने विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर माल ठेवला आणि ४५ टक्के कापले, तर तुझ्या हाती येतात २,३३०. खर्च जाऊन राहिले ५३०, त्यात वाहतूक आणि परत आलेले नग आलेच. म्हणजे एक तर किंमत वाढव, नाहीतर खर्च उतरव, किंवा सरळ घाऊक भावाने विक. पहिल्या वर्षी मी घाऊकच सांगेन, निम्मे पैसे आगाऊ घेऊन, भले नग कमी जावोत. विक्रीनंतर पैशांच्या बोलीवर दोनच दुकानं ठेव, जिथे तू स्वतः जाऊन रॅक बघू शकतेस.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आत्ताच कर, उत्पादक म्हणून. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून विकत घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चअखेरीला अकाउंटंटच त्याला तुझी आठवण करून देतो. विक्रीनंतर पैशांच्या बोलीला हे लागू पडत नाही, कारण तिथे माल अजून तुझाच असतो.

नक्कल होणार. अहमदाबाद-सुरतेच्या बाजारात रॅम्पवरचे फोटो कपड्यांआधी पोहोचतात. कायदा थोडा उपयोगी आहे, पण वेळेत वापरलास तर. नक्षी खरोखर नवी असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीचा अर्ज शोच्या आधी, आणि सोशल मीडियावर एकही फोटो टाकण्याच्या आधी कर. एकदा उघड झालेलं डिझाइन नवं राहत नाही. नोंदणी दहा वर्षं चालते आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. नोंदणी केली नाहीस आणि तीच नक्षी यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरली, तर कॉपीराइटचा आधारही जातो. वडिलांच्या जुन्या कार्डावरची फुलं मात्र नोंदवता येणार नाहीत, ती नवी नाहीत. बाराबंदीचा घाटही नाही. म्हणून दहापैकी दोन कापडांची नक्षी नवी बांधून घे आणि तेवढ्याचीच नोंदणी कर.

टॅगवर काय लिहिशील ते जपून. ‘सोलापुरी चादर’ हे मानांकन मिळालेलं नाव आहे, ते मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. आणि तुझं हलकं कापड म्हणजे चादर नव्हेच. ‘सोलापुरात विणलेलं जकार्ड’ असं लिही. यंत्रमागाच्या कापडाला हातमाग म्हणू नको, मुंबईत कुणी कितीही प्रेमाने तसं म्हणालं तरी. हातमाग हवाच असेल तर आपल्याकडे भिंतीवरची चित्रं विणणारे विणकर आहेत. एका कोटाची पाठ त्यांच्याकडून विणून घे, तिला वेगळी किंमत लाव आणि तसा एकच नग असल्याचं सांग.

राहता राहिले पप्पा. माग अडवू नको म्हणतात ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. उभा माग म्हणजे कामगाराची बुडालेली मजुरी. त्यांच्याकडे सगळे माग मागू नको, एकच माग, जानेवारीच्या शेवटापर्यंत. ज्या दिवशी तुझं काम नसेल त्या दिवशीही कामगाराची मजुरी तू द्यायचीस. कापडाला बाहेरच्या माणसाला लावतील तोच मीटरचा दर त्यांना दे आणि तो भावात धर, नाहीतर जाकिटाचा खर्च १,८००चा १,२०० दिसेल आणि मोठी ऑर्डर आली की त्या दराने कुठलाच दुसरा मागवाला विणून देणार नाही. सूत कोणाचं, दर किती, वाया गेलेलं कापड कोणाच्या नावावर, उरलेल्या बीमचं काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पहिला मीटर उतरला की धुवून, इस्त्री करून, दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव. नक्षी लांबुळकी आली असेल तर पिक किती ठेवायचे ते तेव्हा सांगते.